नगावरचा मोबदला आणि कामगाराचे आरोग्य : जोहे परिसरातील गणेशमूर्ती कारखान्यांच्या संदर्भात प्रोत्साहन योजनांचे विवेचन

प्रस्तावना

मानव संसाधन व्यवस्थापनात ‘प्रोत्साहन’ ही संकल्पना दीर्घकाळ उत्पादनवाढीशी निगडित राहिली. जो अधिक काम करील त्यास अधिक मोबदला, असे तिचे साधे सूत्र होते. गेल्या काही दशकांत या संकल्पनेचा विस्तार कामगाराच्या आरोग्यापर्यंत झाला आहे. कामगाराने धूम्रपान सोडावे, नियमित चालावे, वार्षिक तपासणी करून घ्यावी, यासाठी रोख बक्षीस, विम्याच्या हप्त्यात सवलत किंवा भेटवस्तू देण्याची प्रथा अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर रूढ झाली आणि भारतातील मोठ्या आस्थापनांनीही तिचे अनुकरण केले. वाणिज्य व व्यवस्थापन शाखांच्या अभ्यासक्रमांत हा विषय शिकविला जातो. मात्र वर्गात दिली जाणारी उदाहरणे बहुधा अशा आस्थापनांची असतात, जेथे हजेरीपट आहे, वैद्यकीय अधिकारी आहे आणि मासिक पगार आहे.

रायगड जिल्ह्यात अशी आस्थापने आहेत. पेण तालुक्यात डोलवी येथे पोलाद प्रकल्प आहे. रोह्याजवळ धाटाव येथे रासायनिक उद्योगांची औद्योगिक वसाहत आहे. परंतु याच पट्ट्यात हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत या गावांत निराळ्या प्रकारचा उद्योग उभा आहे. येथे घराच्या पडवीत, अंगणातल्या मांडवात आणि पत्र्याच्या शेडमध्ये गणपतीचे कारखाने चालतात. पेण शहराची ही कला लगतच्या गावांत पसरली आणि आज मुंबई-पुण्याच्या बाजारपेठेत ‘पेणचा गणपती’ म्हणून जाणाऱ्या मूर्तींचा फार मोठा भाग या गावांतून जातो. परदेशी जाणाऱ्या मूर्ती समुद्रमार्गे न्यावयाच्या असल्याने त्या कित्येक महिने आधी तयार ठेवाव्या लागतात. त्यामुळे भाद्रपदाचा हा उद्योग प्रत्यक्षात वर्षाचा बराच काळ चालू असतो.

या कारखान्यांतील कामगारांच्या संदर्भात आरोग्य प्रोत्साहनाचा विचार करावयाचा झाल्यास पाठ्यपुस्तकातील मांडणी अपुरी पडते. तेथे प्रोत्साहन नव्याने आणावयाचे नाही. ते आधीपासूनच अस्तित्वात आहे आणि ते आरोग्याच्या विरुद्ध दिशेने ओढते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. आधीची ही ओढ न मोजता वर ठेवलेले कोणतेही बक्षीस निष्फळ ठरण्याचा संभव अधिक.

मूर्ती घडण्याची प्रक्रिया आणि धोक्याची ठिकाणे

आरोग्याचा धोका नेमका कोठे उद्भवतो हे समजण्यासाठी कामाचे टप्पे लक्षात घेणे आवश्यक आहे. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे जिप्सम हे खनिज तापवून त्यातील बहुतांश पाणी काढून टाकल्यावर उरणारी भुकटी. कारखान्यात तिला ‘पावडर’ असेच म्हणतात. गोणीतून ही पावडर पाण्यात कालवून साच्यात ओततात, मजबुतीसाठी त्यात काथ्या घालतात, आणि घट्ट झाल्यावर साचा सोडवून मूर्ती बाहेर काढतात. पुढे हात, सोंड, आयुधे यांची जोडणी होते; सांध्यांवरची धार खरवडून पॉलिश पेपरने अंग गुळगुळीत केले जाते; त्यानंतर पांढरा हात, स्प्रेने अंगाचा रंग, ब्रशने दागिने व सोवळ्याची कामे, आणि सर्वांत शेवटी डोळ्यांची आखणी.

धूळ दोन ठिकाणी उडते : गोणी उघडून पावडर ओतताना आणि पॉलिश पेपरने घासताना. त्यांपैकी दुसरे ठिकाण अधिक त्रासाचे, कारण तेथे कामगाराचा चेहरा मूर्तीच्या अगदी जवळ असतो आणि काम तासन्तास चालते. शुद्ध जिप्समची धूळ सिलिकाच्या धुळीइतकी घातक मानली जात नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. अतिशयोक्तीने कामगारांचे हित साधत नाही. तथापि ती डोळे, नाक, घसा व त्वचा यांना क्षोभ देते. जिप्समच्या खडकात सिलिकाचे अंश असू शकतात, तेव्हा पावडर कोणत्या प्रतीची आहे हा प्रश्नही गौण नाही. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा प्रशासनाने आठ तासांच्या पाळीसाठी हवेतील एकूण धुळीची मर्यादा घनमीटरला १५ मिलिग्रॅम आणि फुप्फुसात खोलवर जाणाऱ्या सूक्ष्म धुळीची मर्यादा ५ मिलिग्रॅम ठेवली आहे. म्हणजे तुलनेने सौम्य समजल्या जाणाऱ्या धुळीलाही मर्यादा आहेच. पावडर पाण्याशी संयोग पावताना उष्णता बाहेर पडते, हेही अनेकदा दुर्लक्षिले जाते. २००७ साली इंग्लंडमधील एका शाळेत कलेच्या तासाला हाताचा ठसा घेण्यासाठी एका विद्यार्थिनीने दोन्ही हात प्लास्टरच्या जाड थरात ठेवले आणि भाजल्यामुळे तिला बहुतेक बोटे गमवावी लागली.

स्प्रेच्या टप्प्यावर रंगाचे सूक्ष्म तुषार श्वासावाटे आत जातात. भारतात घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम २०१६ साली निघाले व १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. परंतु रंग कोणत्या डब्यातून येतो, यावर सर्व काही अवलंबून असते. यांखेरीज तासन्तास मांडी घालून किंवा उकिडवे बसणे, मान खाली घालून आखणी करणे, ओल्या मूर्ती उचलून उन्हात ठेवणे व पुन्हा आत घेणे या क्रियांमुळे कंबर, गुडघे व मान यांवर ताण येतो. तो कोणाच्याच खिजगणतीत नसतो.

प्लास्टर ऑफ पॅरिसविषयी गेली पंधरा वर्षे जो वाद चालू आहे, त्यात यांपैकी एकही गोष्ट फारशी येत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१० च्या मार्गदर्शक सूचना, २०२० ची सुधारित बंदी, आणि ९ जून २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने मूर्ती घडविण्यास दिलेली मुभा, या साऱ्यांचा केंद्रबिंदू विसर्जनाचे पाणी हा होता. ते योग्यच होते. पण मूर्ती पाण्यात जाण्यापूर्वी कित्येक महिने तिची धूळ कोणाच्या तरी श्वासात गेलेली असते, याची नोंद त्या चर्चेत झाली नाही. शाडू मातीकडे वळल्याने हा प्रश्न आपोआप सुटेल असेही नाही. ओल्या मातीची धूळ उडत नाही, परंतु वाळलेली शाडू घासताना उडणाऱ्या धुळीत सिलिका असू शकते.

नगावरचा दर : आधीपासून असलेले प्रोत्साहन

या कारखान्यांत मोबदल्याच्या दोन पद्धती आढळतात. काही कामे रोजावर होतात, तर काही नगावर. दुसऱ्या पद्धतीत जितके नग हातावेगळे होतील तितके पैसे मिळतात. हंगाम जवळ आला की नगावरच्या कामाचा जोर वाढतो, कारण मालकाला माल वेळेवर हवा असतो आणि कामगारालाही चार पैसे अधिक मिळवावयाचे असतात. दोघांचाही हेतू गैर नाही. परंतु या व्यवस्थेत श्वास, पाठ आणि डोळे यांची काळजी घेण्यासाठी खर्च होणारे प्रत्येक मिनिट कामगाराच्या खिशातून जाते.

ही गोष्ट एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट करता येईल. समजा, घासकामाचा दर नगामागे १० रुपये आहे आणि कामगार दिवसाला ६० नग करतो. त्याची कमाई ६०० रुपये होते. आता त्याने योग्य मास्क लावला, चष्म्यावर वाफ धरली की थांबून तो पुसला, तासातासाने पाय मोकळे केले आणि कोरडे घासण्याऐवजी ओल्या स्पंजाचा वापर केला. त्यामुळे नग ५४ वर आले, तर दिवसाला ६० रुपये कमी मिळतील. महिन्याच्या २५ दिवसांत १५०० रुपये. हंगामाअखेरीस मालकाने ‘आरोग्याची काळजी घेणारा कामगार’ म्हणून त्यास १००० रुपयांचे बक्षीस दिले, तरी ते पहिल्याच महिन्यातील तोट्याची भरपाई करीत नाही. मास्क न वापरणाऱ्या कामगारास अडाणी वा बेफिकीर ठरविणारे हा हिशेब करीत नाहीत. कामगार तो मनातल्या मनात रोज करीत असतो.

या जाणिवेला मोठी परंपरा आहे. ॲडम स्मिथ यांनी १७७६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात, नगावर चांगला मोबदला मिळणारे कामगार अतिश्रम करून थोड्याच वर्षांत स्वतःची प्रकृती खालावून घेतात, असे निरीक्षण नोंदविले होते. लंडनमधील सुतार आपल्या पूर्ण ताकदीत आठ वर्षांपेक्षा अधिक टिकत नाही असे मानले जाते, हे उदाहरणही त्यांनी दिले. याच ओघात त्यांनी इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांचा उल्लेख केला आहे. रामाझ्झिनींच्या १७०० सालच्या व्यवसायजन्य रोगांवरील ग्रंथात जिप्सम व चुना हाताळणाऱ्यांच्या विकारांवर प्रकरण आहे. म्हणजे मोबदल्याची पद्धत आणि पावडरची धूळ हे दोन्ही प्रश्न अर्थशास्त्राच्या आद्य ग्रंथात एका परिच्छेदाच्या अंतरावर भेटतात. नंतरच्या काळात ते दोन वेगळ्या विद्याशाखांत विभागले गेले.

महाराष्ट्रात या विपरीत प्रोत्साहनाचे सर्वांत विदारक रूप बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या बाबतीत समोर आले. ऊसतोडीत कामावर न आल्यास ‘खाडा’ धरला जातो व त्याबद्दल दंड कापला जातो. मासिक पाळीच्या किंवा आजारपणाच्या दिवशी खाडा परवडत नाही, ही बाब गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांच्या मुळाशी असल्याचे अनेकांनी दाखविले. २०१९ साली राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची अशी शस्त्रक्रिया झालेली आढळली. जोहे येथील परिस्थितीची बीडशी बरोबरी करण्याचा येथे हेतू नाही. गैरहजेरीची किंमत कामगारावर टाकली की शरीर ती कशी फेडते, हे या उदाहरणातून दिसते एवढेच.

आरोग्य प्रोत्साहनाचे अनुभव

मग आरोग्यासाठी दिलेली बक्षिसे कधीच उपयोगी पडत नाहीत काय? तसे नाही. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या ८७८ कर्मचाऱ्यांवर झालेल्या व २००९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, धूम्रपान सोडण्यासाठी टप्प्याटप्प्याने एकूण ७५० डॉलर देऊ केलेल्या गटात पहिल्या वर्षाच्या सुमारास १४.७ टक्के लोक धूम्रपानमुक्त होते. केवळ माहिती दिलेल्या गटात हे प्रमाण ५ टक्के होते. धूम्रपान सोडल्याची खात्री जैवरासायनिक चाचणीने करण्यात आली होती. पैसे थांबल्यानंतर काही महिन्यांनी दोन्ही गटांतील प्रमाण घटले, परंतु अंतर टिकून राहिले.

याउलट सर्वसमावेशक ‘वेलनेस’ कार्यक्रमांचे अनुभव निराशाजनक आहेत. इलिनॉय विद्यापीठातील ४८३४ कर्मचाऱ्यांवरील प्रयोगात आरोग्य तपासणी करून घेणाऱ्यांची संख्या वाढली, पण वैद्यकीय खर्चात लक्षणीय फरक पडला नाही. त्याहून बोधक बाब अशी की, कार्यक्रमात स्वेच्छेने सहभागी झालेले कर्मचारी मुळातच कमी वैद्यकीय खर्च असणारे होते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात, एका किरकोळ विक्री कंपनीच्या १६० ठिकाणच्या सुमारे ३३ हजार कर्मचाऱ्यांमध्ये व्यायामाविषयीची स्वतः दिलेली उत्तरे सुधारली. रक्तदाब, वजन, गैरहजेरी यांत दीड वर्षानंतरही उल्लेखनीय बदल दिसला नाही. बक्षीस बहुधा निरोग्यांच्याच पदरी पडते, असा याचा सरळ अर्थ आहे.

भारतातील दोन प्रयोग जोहेच्या दृष्टीने अधिक जवळचे वाटतात. राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यात लहान मुलांच्या लसीकरणासाठी खात्रीची शिबिरे भरविली गेली आणि त्यांतील काही गावांत प्रत्येक लसीमागे एक किलो डाळ व लसीकरण पूर्ण झाल्यावर थाळ्यांचा संच दिला गेला. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पूर्ण लसीकरणाचे प्रमाण इतर गावांत ६ टक्के, केवळ शिबिरे असलेल्या गावांत सुमारे १७ टक्के आणि डाळ दिलेल्या गावांत सुमारे ३८ टक्के होते. हा प्रयोग कामगारांवरील नाही. पण आईचा बुडालेला दिवस भरून काढण्याइतके काहीतरी हातात पडले आणि सेवा ठरल्या दिवशी खरोखर उपलब्ध होती, या दोन गोष्टी एकत्र आल्या. डाळीचे कौतुक करताना शिबिर नियमित भरत होते हे विसरले जाते. दुसरा प्रयोग कोईमतूर येथील मधुमेही व मधुमेहाचा धोका असलेल्या व्यक्तींवरचा. दिवसाला दहा हजार पावले चालल्यास सुमारे २० रुपयांचा मोबाइल रिचार्ज, एवढ्या अल्प प्रोत्साहनाने त्यांच्या रोजच्या चालण्यात सुमारे २० मिनिटांची भर पडली. रक्कम लहान होती, पण ती ताबडतोब, वारंवार आणि मोजता येणाऱ्या कृतीसाठी मिळत होती.

पैशाविनाही काही साधते. टाटा स्मारक रुग्णालयाच्या पथकाने महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील एका रासायनिक कारखान्यात तंबाखूमुक्तीचा कार्यक्रम राबविला. तेथील १०४ तंबाखू सेवन करणाऱ्यांपैकी सुमारे ४० टक्के जणांनी वर्षअखेर तंबाखू सोडल्याचे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात म्हटले आहे. मूत्रचाचणीने ते पडताळलेही गेले. येथे निर्णायक ठरले ते पुनःपुन्हा केलेले समुपदेशन, आणि ते कामाच्या जागी झाले हे.

कशासाठी द्यावे आणि कोणी द्यावे

उपरोक्त अनुभव जोहेच्या कारखान्यात आणावयाचे तर पहिला निर्णय बक्षीस कशासाठी द्यावयाचे हा आहे. ‘हंगामात एकही दिवस आजारी न पडणाऱ्यास बक्षीस’ ही सर्वांत सोपी आणि सर्वांत घातक कल्पना होय. ती आजारपण कमी करीत नाही, लपविते. खोकला असताना कामगार येतो, भाजलेला हात फडक्यात गुंडाळून बसतो. अपघातविरहित महिन्यासाठी पारितोषिक देणाऱ्या मोठ्या उद्योगांतही दुखापती न नोंदविण्याची प्रवृत्ती बळावते, अशी टीका झालेली आहे. परिणामाला नव्हे, कृतीला मोबदला असावा : पावडर ओतताना मास्क, ओले घासकाम, ठरलेली विश्रांती, तपासणीचा दिवस. आणि त्यांतील प्रत्येक कृतीचा वेळ कामाचा वेळ म्हणून धरला जावा.

तपासणीच्या दिवसाचेच पाहा. वाहने येतात, शिबिर भरते, फलक लागतो. पण नगावरच्या कामगाराला त्या दिवसाचे काही मिळत नाही. मग शिबिराला येतात ते कामावर नसलेले. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून रुग्णालयातील उपचारांचा खर्च भागू शकतो, बुडालेली मजुरी भागत नाही. कर्मचारी राज्य विमा योजनेत पात्र कामगारास आजारपणात वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. या योजनेकडे कल्याणकारी खर्च म्हणून पाहिले जाते. वास्तविक आजारी असताना घरी राहण्यासाठी दिलेले हे देशातील सर्वांत मोठे प्रोत्साहन आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनुसारही ती सर्वसाधारणपणे दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना बंधनकारक असून हंगामी कारखाने वगळलेले आहेत. त्याहून लहान आस्थापनांना स्वेच्छेने सहभागी होण्याची वाट मोकळी आहे. त्याच दिवशी लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षाविषयक संहितेत मालकाने विहित वर्गातील कामगारांची वार्षिक तपासणी विनामूल्य करून देण्याची तरतूद आहे; तिचाही उंबरठा साधारणतः दहा कामगारांचाच. घरातील माणसे आणि चार-सहा मजूर यांवर चालणारा कारखाना दोहोंच्या बाहेर राहतो.

दुसरा निर्णय, प्रोत्साहन कोणास द्यावे. धुळीवरचा खरा उपाय कामगाराच्या नाकावर नसून शेडमध्ये आहे : धूळ ओढून घेणारा पंखा, स्प्रेसाठी वेगळी उघडी जागा, गोणी उघडण्याचे बंदिस्त ठिकाण. मास्क हा शेवटचा उपाय. शेडमधील बदल मालक करू शकतो, म्हणून प्रोत्साहनाचा रोख त्याच्याकडे वळविणे तर्कसंगत ठरते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक व्यवसायांमध्ये मूर्तिकार व कुंभार यांचा समावेश आहे. नोंदणीकृत कारागिरास अवजारांसाठी १५ हजार रुपयांचे प्रोत्साहन, प्रशिक्षणकाळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन आणि ५ टक्के दराने दोन टप्प्यांत ३ लाखांपर्यंत कर्ज मिळू शकते. डिजिटल व्यवहार करणाऱ्यास प्रत्येक व्यवहारामागे एक रुपया देण्याचीही तरतूद आहे. मोबाइलवरून पैसे घेण्यास एक रुपया आणि धूळ न उडू देण्यास काहीच नाही, ही विसंगती धोरणकर्त्यांनी विचारात घेण्याजोगी आहे. अवजारांच्या संचात धूळ ओढणारा पंखा व योग्य प्रतीचे मास्क समाविष्ट करणे प्रशासकीयदृष्ट्या अवघड नसावे. अर्थात ही योजना स्वयंरोजगारी कारागिरांसाठी, आणि तीही कुटुंबातील एकाच व्यक्तीसाठी आहे. दुसऱ्याच्या कारखान्यात नगावर घासकाम करणारी स्त्री तिच्या कक्षेत येत नाही.

तिच्यापर्यंत पोहोचणारा मार्ग दरातूनच जातो. वर दिलेल्या कल्पित उदाहरणात ५४ नगांतही ६०० रुपये मिळावयाचे असतील, तर दर १० रुपयांवरून ११ रुपये ११ पैसे करावा लागेल. म्हणजे सुरक्षित घासकामाची किंमत नगामागे एक रुपया अकरा पैसे इतकी येते. प्रत्यक्ष आकडे मूर्तीच्या उंचीनुसार निराळे येतील, हिशेबाची रीत बदलणार नाही. ही वाढ सुरक्षित पद्धतीच्या अटीसह द्यावी लागेल, अन्यथा वाढलेल्या दरात पुन्हा ६० नगच होतील आणि धूळ तशीच राहील. पेण-रोहा परिसरातील महाविद्यालयांच्या अर्थशास्त्र, वाणिज्य व रसायनशास्त्र विभागांना येथे प्रत्यक्ष काम आहे : टप्प्याटप्प्याचे दर व वेळ यांची नोंद, शेडमधील धुळीचे मापन, आणि हंगामाच्या आरंभी व अखेरीस श्वसनक्षमतेची साधी चाचणी. तीनही नोंदी एकाच हंगामात, त्याच कामगारांच्या झाल्या पाहिजेत आणि चाचणीच्या दिवसाची मजुरी प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात धरलेली असावी. दर हंगामाच्या तोंडावर ठरतो. साचे बाहेर निघण्यापूर्वी हे आकडे मालक, कामगार आणि घाऊक व्यापारी यांच्यापुढे असतील, तर नगामागचा तो रुपया कोणी सोसावयाचा याची बोलणी त्याच बैठकीत होऊ शकतील.